माळ्यावरचे तीन आधी खाली काढा

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"माझे यजमान झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवतात. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत रात्री घरी नसतात. पावसाळ्यात आम्ही दोघं मिळून धान करतो. कामासाठी त्यांच्याकडे रोलंडचा एक्सपीएस-३० हा कीबोर्ड आहे, पोरांना शिकवायला एक कॅसिओ आहे. त्याशिवाय तीन जुने कीबोर्ड माळ्यावर पडले आहेत: कोर्गचा एम१, रोलंडचा डी-५० आणि कॅसिओचा छोटा सीझेड-१०१. तिन्ही बंद. दर होळीनंतर एक येतो. आता नागपूरच्या एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे यामाहाचा डीएक्स७ निघाला आहे. तो ५५ हजार मागतो आणि आठ दिवसांत सांगा म्हणतो. हाती सिझनचे पैसे आहेत, पण त्यातच बियाणं, खत, रोवणीची मजुरी आणि मुलीची बारावीनंतरची ॲडमिशन. यजमान म्हणतात, हे भंगार नाही, सोनं आहे, भाव वाढतच जातो. खरं आहे का? नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडेल, हो म्हटलं तर जून कसा काढायचा? मला यातलं काही कळत नाही. घरात मुलीचा लॅपटॉप आहे, त्यावर तुमचं उत्तर आम्ही दोघं वाचू."

ताई,

डीएक्स७ या होळीला घेऊ नका. पण यजमानांना नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसवूही नका. त्यांना सांगा, माळ्यावरचे तीन आधी खाली काढा, उघडा, वाजते करा, मग चौथ्याचं बोलू. वेळ मारून नेण्यासाठी हे सुचवत नाही. जुने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे हे कीबोर्ड, जमवायचे तर ते वाजते ठेवण्याची जबाबदारी आधी येते आणि खरेदी नंतर, असं मी मनापासून मानतो. शिवाय तुमच्या पत्रावरून मला वाटतं की त्या तिघांपैकी निदान दोन मेलेले नसावेत.

आधी सोन्याचं बघू. यजमान अर्धं खरं सांगतात. काही जुन्या यंत्रांचे भाव खरोखरच आभाळाला भिडले. रोलंडची टीबी-३०३ घ्या. बेस गिटारची नक्कल करण्यासाठी १९८१ मध्ये काढलेली ही लहानशी चंदेरी पेटी. नक्कल तिला काही जमली नाही, फारसं कुणी घेईना, १९८४ मध्ये कंपनीने ती बंद केली आणि जुन्या सामानाच्या दुकानांत ती मातीमोल विकली जाऊ लागली. मग शिकागोतल्या पोरांनी ती स्वस्तात उचलली, सूर चालू असतानाच तिच्या खुंट्या पिळल्या, आणि त्या चिरक्या, वळवळणाऱ्या आवाजातून नाचाच्या संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंगांनी हीच पेटी, टीआर-८०८ नावाची तालाची पेटी आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणारा माणूस तो. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातली माणसं थक्क झाली. २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी युरोपात जाऊन त्यांनी ते संगीत लोकांसमोर वाजवलं.

३०३ चा भाव असा वाढला, वाजवणाऱ्यांनी वाढवला. आणि ती बनलीच होती दहा हजारांच्या आसपास. डीएक्स७ लाखाच्या वर बनले. एम१ आणि डी-५० सुद्धा उदंड खपले. या तिघांना दुर्मिळ म्हणता येत नाही. चांगल्या स्थितीतला, वाजणारा असेल तर त्याला किंमत आहे. बंद पडलेल्याला गिऱ्हाईक भंगाराच्याच भावाने विचारतं. तेव्हा 'भाव वाढेल' या आशेवर घ्यायचा असेल तर घेऊच नका, त्या पैशाची एफडी करा. आणि आठ दिवसांची मुदत मनावर घेऊ नका. हा नाही तर दुसरा डीएक्स७ मिळेल.

आता माळ्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

एम१ १९८८ चा, डी-५० १९८७ चा. दोघांच्या पोटात नाण्याएवढी ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. सीआर२०३२ म्हणतात तिला, घड्याळवाल्याकडेही मिळते. वीज बंद असतानाही साठवलेले आवाज टिकावेत एवढंच तिचं काम. ती संपली की आवाज पुसले जातात. कीबोर्ड सुरू होतो, दिवे लागतात, पडदा उजळतो, पण पट्टी दाबली की एक तर काहीच वाजत नाही, किंवा भलताच खरखराट येतो. पडद्यावर बॅटरीची सूचना येऊन जाते, ती कुणी वाचत नाही. मग 'बोर्ड उडाला' असं कुणीतरी सांगतं आणि कीबोर्ड चादरीत गुंडाळून माळ्यावर जातो. असे किती तरी एम१ बोर्ड शाबूत असताना भंगारात गेले आहेत. तुमच्याकडचे दोन्ही कीबोर्ड वीज लावल्यावर उजळत असतील तर दुखणं बहुधा या नाण्याएवढ्या बॅटरीचं आहे, आणि तिची किंमत चहा-नाश्त्याएवढी आहे.

बॅटरी आत सोल्डर केलेली असते, म्हणून हे काम घरी करू नका. टीव्ही, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा हात बसलेला माणूस वडसा, गोंदियाकडे सहज सापडेल. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा. नव्या बॅटरीला थेट सोल्डरिंगचा चटका द्यायचा नाही, ती फुटू शकते. आधी होल्डर बसवायचा आणि बॅटरी त्यात सरकवायची. म्हणजे दहा वर्षांनी पुन्हा बदलायची वेळ आली तर यजमान स्वतः बदलतील. दुसरं म्हणजे प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि प्लग काढल्यावरही आतल्या पॉवर सप्लायच्या भागाला हात लावायचा नाही, तिथे भार साठून राहतो.

बॅटरी बसली की कंपनीचे मूळ आवाज पुन्हा भरावे लागतात. त्यांच्या फाइली इंटरनेटवर मिळतात आणि लॅपटॉपमधून मिडी केबलने, म्हणजे वाद्य आणि संगणक जोडणाऱ्या केबलने, कीबोर्डात पाठवता येतात. पाठवण्याआधी कीबोर्डातलं मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे साठवलेले आवाज चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून असलेलं कुलूप, बंद करायचं असतं, नाही तर तो काहीच घेत नाही. अगदी स्वस्तातली मिडी केबल मोठी फाइल मध्येच तोडते, तेव्हा तिथे थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

पण थांबा, बॅटरी काढण्याआधी एक काम आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बॅटरी अजून पूर्ण संपली नसेल तर आत आधीच्या मालकाने बनवलेले आवाज जिवंत असतील. ते आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या. एम१ मध्ये आवाजाचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागतं. कुणी त्यात सनई बसवली असेल, कुणी खलनायकाच्या प्रवेशाचा गडगडाट, कुणी एखाद्या गायिकेच्या पट्टीला जुळणारं हार्मोनियम करून त्याला तिचंच नाव दिलं असेल. रात्ररात्र बसून बनवलेले हे आवाज जगात दुसरीकडे कुठेही नसतात. कंपनीचे आवाज हजार ठिकाणी मिळतील. झाडीपट्टीत वाजवणाऱ्यांनी, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी आपल्या कानाने घडवलेले आवाज एका बॅटरीबरोबर कायमचे जातात, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही. जमवायचंच असेल तर यजमानांनी हे जमवावं. त्यांची ओळख सगळ्या वादकांत आहे, दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही.

सीझेड-१०१ चं दुखणं वेगळं असतं. १९८४ चं हे चिमुकलं यंत्र सहा मोठ्या सेलवरही चालतं आणि त्याची स्मृतीही त्या सेलवरच टिकते. सेल वर्षानुवर्षं आत राहिले की पाझरतात. मागचं झाकण उघडून बघा. पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून तो उतरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. ॲडॉप्टर लावताना मात्र जपा. कॅसिओला ९ व्होल्टचा लागतो आणि त्याची मधली पिन ऋण असते. हल्ली घरात पडलेले बहुतेक ॲडॉप्टर बरोबर उलटे असतात, मधली पिन धन. कुणी वायफायच्या डब्याचा १२ व्होल्टचा लावून बघितला असेल तर आशा कमी आहे, तरी दाखवून घ्या.

तिन्ही वाजू लागले तरी परत माळ्यावर ठेवू नका. कवेलूंच्या असो की टिनाच्या, छपराखालचा माळा आपल्याकडे मे महिन्यात भट्टी होतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा, हिशोब सरळ आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रोलंडच्या जेडी-८०० या १९९१ च्या नामांकित सिंथेसायझरमध्ये पट्ट्यांखाली वजनं चिकटवण्यासाठी लाल गोंद वापरला होता. काही वर्षांनी तो मऊ होऊन ओघळतो, खालच्या सर्किटवर सांडतो, पट्ट्या अडकून बसतात. थंड देशांतसुद्धा हे झालं आहे, आपल्या उन्हाळ्याचं काय सांगावं. तेव्हा खालच्या खोलीत, जाड भिंतीच्या कडेला, जमिनीपासून वर, सुती चादर टाकून ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, पावसाळ्यात आत ओल धरते. उंदरांचा बंदोबस्त करा. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी प्रत्येक कीबोर्ड वाजला पाहिजे, पट्ट्यांखालचे संपर्क वापरात राहिले तरच चांगले राहतात.

आता डीएक्स७. यजमानांना तो का हवा आहे हे मला पुरतं कळतं, ताई, आणि तुम्हालाही कळावं असं वाटतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाच्या संगीतकाराला १९६७ मध्ये एक गोष्ट सापडली. सनईवाला सूर आंदोलित करतो तेव्हा तो सेकंदाला चार-पाच वेळा हलतो, म्हणून ते हलणं आपल्या कानाला कळतं. तेच हलणं सेकंदाला शेकडो वेळा केलं तर हलणं ऐकूच येत नाही, सुराचा रंग बदलतो. त्यातून घंटा निघते, पितळी वाद्यं निघतात, काचेवर टिचकी मारावी तसा पियानो निघतो. यामाहाने ते तंत्र वापरण्याचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स७ काढला: सूर निर्माण करणारे सहा भाग, ते एकमेकांना जोडण्याच्या ३२ रीती, एका वेळी १६ सूर. पट्टी हळू दाबली तर आवाज मऊ येतो, जोरात दाबली की आवाजाला धार चढते. हे त्या काळी नवलाचं होतं. कंपनीने दिलेल्या आवाजांत आगगाडी आणि पंचाची शिट्टीसुद्धा आहे. ऐंशीच्या दशकातली गाणी ज्याने ऐकली त्याने तो इलेक्ट्रिक पियानो ऐकलाच आहे, नाव माहीत नसेल एवढंच.

पण हा नाटकाच्या कामाचा नाही. त्यात स्पीकर नाही, तबला-ढोलकीचा ठेका नाही, चौदा किलोच्या आसपास वजन आहे. लावणीपासून मारामारीच्या प्रसंगापर्यंत रात्रभरात जे जे लागतं ते एक्सपीएस-३० च देणार. म्हणजे ५५ हजार गुंतवून सिझनची कमाई एका रुपयाने वाढणार नाही. तो घ्यायचा तर निव्वळ त्याच्या आवाजाच्या प्रेमासाठी. प्रेमासाठी वाद्य घेऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही, पण मग ते प्रेम आधी पारखून घ्यावं.

भाऊ, हे तुमच्यासाठी. डेक्सेड नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते डीएक्स७ सारखंच चालतं, त्याच्या मूळ आवाजांच्या फाइलीसुद्धा वाचतं. मुलीच्या लॅपटॉपवर टाका, तुमचा एक्सपीएस-३० यूएसबी केबलने त्याला जोडा आणि त्याच्याच पट्ट्यांवर डीएक्स७ वाजवा. विंडोजवर पट्टी दाबल्यावर आवाज मागाहून आला तर एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट मिळणारा ड्रायव्हर टाका, उशीर बराच कमी होईल. या पावसाळ्यात, बांधीतलं काम आटोपलेल्या संध्याकाळी, त्या सहा भागांतला एकेक बंद-चालू करून बघा कोण काय करतो ते. तुमचा स्वतःचा एक तरी आवाज घडवा आणि येत्या मंडईत वापरा. डीएक्स७ वर आवाज घडवणं किचकट आहे, भल्याभल्या वादकांनी तेव्हाही कंपनीचेच आवाज वाजवले. पावसाळाभर बसल्यावर तुमची भूक भागली तर ५५ हजार वाचले. नाही भागली, तो तपकिरी पत्रा, ती सपाट बटणं, ती पट्टी हाताखाली हवीच असं वाटत राहिलं, तर पुढच्या होळीला त्याच्यासाठी पैसे बाजूला काढणं मला गैर वाटणार नाही.

आणि तेव्हा घ्यायला जाल तर फोटो बघून नाही, नागपूरला जाऊन वाजवून घ्या. तासभर चालू ठेवायला सांगा, बरेच दोष तापल्यावर दिसतात. ६१ च्या ६१ पट्ट्या हळू आणि जोरात दाबून बघा. एखादी पट्टी कायम एकाच जोराने वाजली तर तिचा संपर्क गेला आहे. सपाट बटणं एकेक करून दाबा. बॅटरीचा व्होल्टेज त्याच्या फंक्शनमध्येच बघता येतो, तो बघा. पाठीमागचा शिक्का वाचा: जपानहून आलेला असेल तर त्यावर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. तसा कीबोर्ड आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावला तर त्याच क्षणी जळू शकतो, त्याला व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची किंमत सौद्यातून वजा झाली पाहिजे. आपल्या गावांत व्होल्टेज कसा नाचतो ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा स्टॅबिलायझरही धरून चाला. आणि त्या ऑर्केस्ट्रावाल्या काकांना म्हणा, तुम्ही बनवलेले आवाज तेवढे वाजवून दाखवा. ते खुशीने दाखवतील. तो कीबोर्ड दुसऱ्या कुणी नेला तरी ते आवाज उतरवून घेण्याची परवानगी मागा.

ताई, आता तुमच्याशी पैशाचं. झाडीपट्टीतल्या रात्री यजमानांच्या आहेत हे खरं, पण त्या रात्री घर आणि गोठा तुम्ही सांभाळता, आणि रोवणीत चिखलात तुम्हीही उभ्या असता. सिझनचा पैसा दोघांचा आहे. तेव्हा 'मला यातलं कळत नाही' म्हणून मागे सरू नका. वाद्यातलं कळत नसेल, जूनचा खर्च तुम्हाला त्यांच्याइतकाच कळतो. आधी बियाणं, खत, मजुरी आणि मुलीची ॲडमिशन वेगळी काढा, अडीअडचणीची रक्कम वेगळी ठेवा. उरेल त्यातला एक वाटा वाद्यांचा, तो दोघांनी मिळून ठरवायचा, आणि एकदा ठरला की त्यातून ते काय घेतात यावर तुम्ही बोलायचं नाही. यंदा त्या वाट्यातून बॅटऱ्या, होल्डर, बरी मिडी केबल आणि कारागिराची मजुरी सहज निघेल. तिघांपैकी एखादा वाजू लागल्यावर मनातून उतरला तर तो विकून पुढच्याची भर घालता येईल. वाजणारा विकला जातो, बंद पडलेला विकला जात नाही, हेही त्यांच्या लक्षात येईल.

मन मोडण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. चार महिने रोज रात्री ते दुसऱ्याच्या गाण्याला, दुसऱ्याच्या प्रवेशाला वाजवतात. दिग्दर्शक खूण करेल तेव्हा सुरू आणि खूण करेल तेव्हा बंद. ही जुनी यंत्रं म्हणजे त्यांनी स्वतःसाठी वाजवायची जागा आहे, आणि तीच यंत्रं मुकी होऊन माळ्यावर पडली म्हणून दर होळीला नवीन आणावंसं वाटत असेल. पहिला कीबोर्ड दुरुस्त होऊन आला की त्यांच्याजवळ बसा आणि वाजवायला सांगा. तुम्हाला जो आवाज आवडेल तो आवडला म्हणा, नाही आवडला तर तसंही म्हणा. मुलीलाही बसवा, लॅपटॉपचं काम तिच्याशिवाय व्हायचं नाही.

या आठवड्यात दोन कामं करा. नागपूरला फोन करून यंदा जमत नाही, पण आवाज ऐकायला येऊ का, असं विचारा. आणि एम१ खाली काढून, पुसून, वीज लावा. पडद्यावर जी अक्षरं येतील ती जशीच्या तशी लिहून मला पाठवा, दिवाच लागला नाही तर तसं कळवा. बॅटरीचं काम आहे की पॉवर सप्लायचं, ते त्यावरून सांगता येईल.